चिनी गाण्यांतली गावं, रस्ते आणि कारखाने

बल्कड्रगवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज बसलोच लिहायला. मी औषधांच्या कच्च्या मालाच्या खरेदीत आहे, आमच्या धंद्यात चीनशिवाय पान हलत नाही, त्यामुळे २०१२ पासून कोविड येईपर्यंत वर्षाला दोन-तीन फेऱ्या शिजियाझुआंगला व्हायच्या. हेबेई प्रांताची राजधानी, बीजिंगच्या दक्षिणेला. नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसतं, पण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी याच शहरात आहे, १९३८ साली गेले ते परत आलेच नाहीत, १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच वारले. पहिल्या फेरीत मी हे सांगितल्यावर तिथल्या ऑफिसातले लोक एकदम घरचे झाले.

शहर तसं जुनं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे दोन रेल्वे एकमेकींना भेटल्या आणि एका खेड्याचं शहर झालं. मग १९५० च्या दशकात सोव्हिएत मदतीने प्रचंड मोठा औषध कारखाना आला, १९५८ ला पेनिसिलिन निघायला लागलं, कापडाच्या गिरण्याही आल्या. हवा वाईट, बघण्यासारखं फार काही नाही, चीनमधलेच लोक या शहराला नाकं मुरडतात.

तर एकदा तिथला एक सहकारी मला स्टेशनवर सोडायला येत होता आणि गाडीत एक गाणं लागलं. सुरुवात इतकी संथ की मला वाटलं प्रेमगीत असेल. मी विचारलं काय म्हणतोय, तर तो म्हणाला, म्हणतोय की संध्याकाळी सहाला सुटलो, औषध कारखान्याचे कपडे बदलले, बायको पेज शिजवतेय आणि मी बिअर प्यायला चाललोय. असंच तीस वर्षं जगायचं, मोठी इमारत कोसळेपर्यंत. एवढं बोलून तो गप्प झाला आणि मग म्हणाला, माझे वडील त्याच कारखान्यात होते.

गाण्याचं नाव 'त्या शिजियाझुआंगवाल्याला मारून टाका'. बँडही तिथलाच, नावाचा अर्थ 'सर्वसमर्थ युवक वसतिगृह' असा काहीतरी होतो, अल्बम २०१० चा. पुढे त्यात एका मोठ्या दुकानाचं आठकोनी काउंटर येतं, तिथे कुणीतरी खोटी नोट देऊन खोटी बंदूक घेतं, मग एका शाळेचं नाव येतं, तिथला टेबल टेनिस खेळणारा पोरगा. आणि शेवटी ट्रम्पेट. ते ट्रम्पेट ऐकून अंगावर काटा येतो, मला शब्द कळत नव्हते तेव्हाही आला होता.

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी, तिकडे सरकारी कारखाना म्हणजे नुसती नोकरी नव्हती. घर कारखान्याचं, दवाखाना कारखान्याचा, पोरांची शाळा कारखान्याची, लग्नाला परवानगीसुद्धा तिथूनच. १९९० च्या दशकाच्या शेवटी सरकारी उद्योगांची फेररचना झाली आणि पाचेक वर्षांत अडीच कोटींहून जास्त कामगार घरी बसले. त्याला शब्द आहे 'श्यागांग', म्हणजे आपल्या जागेवरून खाली उतरणं. नोकरी गेली असं म्हणतच नाहीत, जागा सुटली म्हणतात, आणि खरंच जागाच सुटली होती.

तेव्हापासून मला नादच लागलाय, जिथे नावानिशी एखादा रस्ता, दुकान, कारखाना येतो अशी चिनी गाणी गोळा करायचा. माझं मत असं झालंय की पूर्वीच्या गाण्यात नदी, पठार, सीमा असं मोठं मोठं यायचं आणि आता गल्ली आणि न्हाव्याचं दुकान येतं, कारण आता बदल थेट गल्लीत शिरतोय, जे उद्या राहणार नाही त्याचंच नाव माणूस घेतो. तुमचं काय मत? कुणी ऐकतं का अशी गाणी?

---

अनघा७

वा, काय सुंदर लिहिलंय! मी एकही चिनी गाणं ऐकलेलं नाही पण आता ते ट्रम्पेटवालं शोधते. एक शंका, लोकगीतांत तर सगळीकडेच गाव असतं ना, मग हे नवीन कसं?

---

लाओशी_पुणे

मी चिनी शिकवते, त्यामुळे या धाग्यावर न येणं शक्यच नव्हतं :)

अनघा, बरोबर आहे तुझं, गाव जुन्या गाण्यांतही आहेच. पण बघ, शानशी आणि शान्शीच्या उत्तरेकडच्या पठारी भागातलं (हे दोन वेगळे शेजारी प्रांत आहेत, मराठीत लिहिलं की गोंधळ होतो) एक प्रसिद्ध लोकगीत आहे 'झौ शी-खौ', म्हणजे पश्चिमेच्या खिंडीपलीकडे जाणं. दुष्काळ पडला की पुरुष माणसं महाभिंतीपलीकडे मंगोलियाच्या बाजूला पोटासाठी जायची आणि गाणं गाते मागे राहिलेली बाई, की मोठ्या रस्त्याने जा, रस्त्यावर माणसं असतात, तुला सोबत होईल. त्या गाण्यात घरापेक्षा वाट जास्त आहे. जागा कळते ती जाणाऱ्याच्या पाठीकडे बघून. आपल्याकडे अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' आठव, तिथे मुंबईत आलेला गडी मागे राहिलेलीला आठवतो, इथे उलट बाजूने आहे, पण दुखणं एकच.

त्याच पठारावरच्या एका लोकधुनेचं पुढे काय झालं तर माओंच्या स्तुतीचं गाणं झालं, 'पूर्व लाल आहे', आणि १९७० मध्ये चीनने पहिला उपग्रह सोडला तेव्हा तो तीच धून अवकाशातून वाजवत होता. पिवळ्या मातीच्या गुहेत राहणाऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यातली चाल कुठे जाऊन पोचली बघा. म्हणजे ती चाल त्या मातीची राहिलीच नव्हती, सगळ्या देशाची झाली होती, आणि तीही वरून ठरवून.

म्हणून १९८६ चा मे महिना मला फार महत्त्वाचा वाटतो. बीजिंगच्या वर्कर्स जिम्नॅशियममध्ये शंभरच्या वर गायकांचा कार्यक्रम होता, त्यात त्सुई ज्यान नावाचा पोरगा, बीजिंगच्या सरकारी ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवणारा, गिटार घेऊन आला आणि 'माझ्याकडे काहीच नाही' म्हणाला. रॉक होतं पण चाल वायव्येच्या पठारावरची, आणि रेकॉर्डिंगमध्ये सुओना आहे, आपल्या सनईची चुलतबहीण, तिकडे लग्नाला आणि मयताला दोन्हीकडे वाजते. तीच माती परत आली पण या वेळी एका माणसाच्या तोंडून, 'आम्ही' नाही 'मी'. त्यानंतर दोन-तीन वर्षं सगळीकडे हीच फॅशन, नावच पडलं 'वायव्येचा वारा'. तेव्हा शहरांत नुकते टीव्ही-फ्रिज येत होते आणि तरुण पोरं पठाराची गाणी गात होती, यात काहीतरी आहे असं मला कायम वाटतं.

---

सिंचूकर

मी गेली नऊ वर्षं तैवानला सिंचूत आहे, चिपवाल्या नोकरीमुळे. तुम्ही मेनलँड चीनबद्दल बोलताय पण चिनी भाषेतल्या या सगळ्या गाण्यांचा आजा इथे आहे असं माझं ठाम मत आहे. १९८२, लुओ दायौ, 'लूगांग गाव'. हा माणूस शिकलेला डॉक्टर, काळे कपडे, काळा गॉगल. लूगांग हे पश्चिम किनाऱ्यावरचं जुनं बंदर, एके काळी तैवानातलं दोन नंबरचं शहर, मग बंदर गाळाने भरलं आणि रेल्वे दुसरीकडून गेली आणि सगळं तिथेच थांबलं. तिथे समुद्रदेवी मात्सूचं जुनं देऊळ आहे, उदबत्त्या करणारे लोक आहेत. गाण्यातला पोरगा तैपेईत राहतो आणि ओरडून सांगतो की तैपेई माझं घर नाही, माझ्या गावात निऑनचे दिवे नाहीत.

इथपर्यंत कुणीही लिहील. पण शेवटी काय येतं तर त्याला कळतं की गावात आता लाल विटा काढून सिमेंटच्या भिंती बांधल्यात. म्हणजे ज्या गावाच्या जोरावर तो शहराला नावं ठेवत होता ते गावही त्याच्यामागे गेलं आणि गावातल्यांनाच ते हवं होतं. मी पहिल्यांदा लूगांगला गेलो तर एक जुनी गल्ली जपून ठेवलीय, लाल विटांची, आणि ती बघायला तैपेईहून बसगाड्या येतात. मी तिथे तासभर नुसता बसलो होतो.

आणि याला उत्तर म्हणता येईल असं गाणं आठच वर्षांनी आलं, १९९०, लिन छ्यांग, 'पुढे चल'. मँडरिन म्हणजे प्रमाण चिनीत नाही, इथल्या होक्कियेन भाषेत, आणि त्याच्या व्हिडिओत पोरं तैपेईच्या मोठ्या स्टेशनात नाचतात. आईबाबा काळजी करू नका मी चाललो तैपेईला, कशाचीच भीती नाही! इथल्या एका मित्राची आई हे गाणं लागलं की अजून उभी राहून गाते, कारण ती तशीच आली होती. तर बल्कड्रगवाले भाऊ, गेलेल्याचंच नाव घेतात हे मला अर्धंच पटतं. जिथे पोचायचंय त्या जागेचीपण गाणी असतात.

---

बल्कड्रगवाला

@सिंचूकर, एकदम मान्य. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी सगळी उदास गाणीच गोळा करत बसलो. लिन छ्यांग आज रात्री ऐकतो.

---

परळचा_पोरगा

धागा वाचून राहवलं नाही. मी २०१३-१४ ला हाँगकाँगला होतो, वान चायमध्ये एका बँकेच्या आयटीत. जेवणाच्या सुट्टीत चालायला जायचो तिथे ली तुंग अॅव्हेन्यू नावाचं काहीतरी चकचकीत उभं राहत होतं. ऑफिसातली एक मुलगी म्हणाली की हीच लग्नपत्रिका गल्ली. मूळ नाव ली तुंग स्ट्रीट, दोन्ही बाजूला छापखाने, हाँगकाँगमध्ये लग्न ठरलं की पत्रिका तिथेच छापायची. पुनर्विकासात सगळी गल्ली घेतली. रहिवासी नुसते रडत बसले नाहीत, त्यांनी स्वतः आर्किटेक्ट लोकांबरोबर बसून पर्यायी आराखडा केला होता की मधल्या जुन्या इमारती ठेवा आणि दोन टोकांना टॉवर बांधा. मान्य झाला नाही. सगळं पाडलं.

आणि २००८ मध्ये के त्से हिचं गाणं आलं, 'लग्नपत्रिका गल्ली', शब्द वायमन वाँगचे, तिथल्या कँटोनीज भाषेत. वरवर ऐकलं तर प्रेमभंगाचं, एका मुलीला कुणीतरी समजावतंय की लावलेली झाडं विसर, भिंतीवरचे फोटो विसर, घर काय आपल्या नावावर नव्हतंच, कधीतरी सोडायचंच होतं. लोकांनी ते गल्लीचं गाणं म्हणूनच ऐकलं. ऑफिसातल्या त्या मुलीने मला अर्थ सांगितला तेव्हा मी तिथेच फूटपाथवर उभा राहिलो. आमची चाळ गिरणीच्या भिंतीला लागून होती हो. बावन्न सालापासूनची, आजोबा, वडील, सगळे त्या गिरणीत. आता तिथे काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे १९८२ च्या संपावर कविता आहेत, नाटकं आहेत, सिनेमे आहेत, पण रेडिओवर चालेल, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मुली गातील असं आमच्या गल्लीच्या नावाचं एक साधं गाणं नाही. हाँगकाँगवाल्यांकडे ते आहे आणि ते त्या वर्षीचं हिट गाणं होतं. मला त्यांचा हेवा वाटतो, खरं सांगतो.

---

अनघा७

@परळचा_पोरगा काय बोलू. वाचून थांबले थोडा वेळ.

---

रानवारा

सगळं छान चाललंय पण मला एक खटकतंय, मनापासून लिहितो, कुणी राग मानू नका. आतापर्यंतची बहुतेक गाणी लिहिणारे शिकलेले. कारखान्यात जो होता त्याने ते गाणं लिहिलं नाही, त्याच्या पुढच्या पिढीने लिहिलं. मग ज्या माणसांनी ही शहरं बांधली त्यांची गाणी कुठेत? २०२० च्या जनगणनेत चीनमध्ये ३७ कोटींहून जास्त लोक आपली नोंद असलेल्या गावापासून दूर राहत होते. १९५८ पासून तिकडे हुकौ म्हणजे कुटुंबाची नोंदवही आहे, तुमची नोंद खेड्यातली असेल तर शहरात वीस वर्षं राबूनसुद्धा पोराला सरकारी शाळेत घालताना अडचण. अशा माणसाची जागा कोणती? गाव सुटलं आणि शहराने घेतलं नाही.

माझं कामगार चळवळीवर थोडं वाचन आहे त्यातून कळलेलं सांगतो. बीजिंगच्या कडेला विमानतळाजवळ पित्सुन नावाचं खेडं, डोक्यावरून सतत विमानं. १ मे २००२ ला सुन हंग आणि त्याच्या मित्रांनी बाहेरगावच्या मजुरांचं एक गाण्याचं पथक काढलं. सुन हंग हेनान प्रांतातला, आधी शाळेत संगीत शिकवायचा. हे लोक बांधकामाच्या साइटवर जाऊन, मजुरांच्या तंबूत जाऊन गायचे. २००४ च्या अल्बमचं नाव 'जगातले मजूर सगळे एका घरचे'. त्यातलं एक गाणं सरळ सरळ थकलेली मजुरी सगळ्यांनी मिळून वसूल करण्याबद्दल आहे! अल्बमच्या पैशातून २००५ मध्ये पित्सुनमध्ये मजुरांच्या पोरांसाठी शाळा काढली, २००८ मध्ये मजुरांच्या संस्कृतीचं संग्रहालय, ज्यात लोकांनी दिलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या, राहण्याचे तात्पुरते परवाने, कामाची अवजारं, पत्रं. टीव्हीवर वसंतोत्सवाचा म्हणजे चिनी नववर्षाचा भव्य कार्यक्रम असतो ना, २०१२ पासून यांनी मजुरांचा स्वतःचा वसंतोत्सव कार्यक्रम सुरू केला.

माझं म्हणणं असं की इथे गाणं जागेबद्दल नाही. गाण्यानेच जागा केली. ज्यांना कुठेच जागा नव्हती त्यांनी आधी गाणं केलं आणि त्या गाण्याच्या पैशातून शाळेच्या भिंती उभ्या केल्या. ते संग्रहालय २०२३ मध्ये बंद झालं आणि जागा पाडली गेली, पंधरा वर्षं चाललं. मला याचं फार वाईट वाटतं.

---

बल्कड्रगवाला

रानवारा, राग कसला, उलट हे नसतं तर धागा अर्धवट राहिला असता. तुमच्या मुद्द्यावरून आठवलं, २०१० मध्ये बीजिंगमधल्या दोन मजुरांचा व्हिडिओ तिकडे प्रचंड फिरला होता, भाड्याच्या खोलीत उघड्या अंगाने बसून एक गिटार घेऊन 'वसंतात' हे गाणं म्हणतात. मूळ गाणं वांग फंग या नावाजलेल्या रॉक गायकाचं, स्वतःच्या हलाखीच्या दिवसांबद्दलचं. पण त्या दोघांच्या तोंडी म्हातारपणी मला कुणाचाच आधार नसला तर अशा अर्थाची ओळ आली की ती भूतकाळातली राहतच नाही. २०११ च्या टीव्हीवरच्या वसंतोत्सवात ते गायले आणि काही दिवसांतच मूळ गायकाने कळवलं की यापुढे हे गाणं गाऊ नका. कायद्याने त्याचंच गाणं होतं. तरी माझ्या ओळखीतले चिनी लोक अजून त्या खोलीतलाच व्हिडिओ लावतात.

---

लाओशी_पुणे

मला भाषेबद्दल बोलायचंय कारण माझ्या मते सगळ्यात पक्की जागा भाषेत असते. शाळेत, टीव्हीवर, ऑफिसात सगळीकडे प्रमाण चिनी, पोरं आजीशी धड बोलू शकत नाहीत अशी घरं मी स्वतः बघितलीयत.

ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावर हायफंग म्हणून तालुक्याचं गाव आहे. तिथली दोन पोरं, बँडचं नाव 'पाच माणसं' (बहुतेक वेळ पाच नव्हतीच), ग्वांगझोउमध्ये रस्त्यावर पायरेटेड सीड्या आणि पुस्तकं विकून दिवस काढले. २००९ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, नाव 'तालुक्याची बखर' म्हणू या. सगळा हायफंगच्या बोलीत, जी शंभर किलोमीटरवरच्या माणसाला कळत नाही. सायकलवरून जाताना दोरीने डुक्कर ओढत नेणारा माणूस, १९२० च्या दशकात तिथे शेतकऱ्यांची चळवळ उभी करणारा फंग पाय, सगळे त्यात येतात. आपल्या तालुक्याच्या स्टँडवर उभं राहिलं की जे जे दिसतं ते. लोक म्हणतात गावात उभं राहून जगाकडे बघा, यांचं ब्रीद उलटं आहे, जगात पाय रोवा आणि नजर हायफंगवर ठेवा.

२०२० मध्ये एका मोठ्या ऑनलाइन बँड स्पर्धेत गेले आणि ठरलेलं गाणं सोडून आयत्या वेळी हायफंग बोलीतलं गाणं सुरू केलं, 'दाव-शानचा देखणा पोरगा'. पडद्यावर द्यायला शब्दच तयार नव्हते, लाखो लोकांनी न कळता ऐकलं. बाहेर पडले, प्रेक्षकांनी परत आणले, परत बाहेर, परत आणले, शेवटी दुसरे आले. त्याच्या आदल्या वर्षी त्याच स्पर्धेत ल्यानफिंग नावाच्या डोंगराळ तालुक्यातला हाक्का बोलीतला बँड आला होता, शाळेत शिकवणारी पोरं. त्यांच्या गाण्यात आमिन नावाचा एक तरुण येतो, गावात मन रमत नाही आणि बाहेर जमेल याची खात्री नाही. ते गाणं ऐकताना तिरीमिरी येते, इतका राग आहे त्यात.

माझ्या वर्गात मी हायफंगचं गाणं लावते. मुलं म्हणतात मॅडम एक शब्द कळला नाही. मी म्हणते बीजिंगच्या माणसालाही कळला नाही, आता कशाबद्दल असेल ते सांगा. आणि दरवेळी कुणीतरी कोल्हापूरचं, कुणीतरी सावंतवाडीचं बरोबर ओळखतं.

---

अनघा७

लाओशी, हे भारीच. मी काल यूट्यूबवर 'चेंगदू' नावाचं एक गाणं ऐकलं, खाली खूप लोकांनी लिहिलं होतं म्हणून. गोड आहे. त्याची काय गोष्ट?

---

सिंचूकर

अनघाताई, ते झाव लेइचं. तो चेंगदूचा नाहीच, बीजिंगचा. २०१७ च्या सुरुवातीला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत म्हटलं आणि रातोरात देशभर झालं. गाण्यात यूलिन रस्त्याच्या टोकाला जाऊन छोट्या दारूच्या गुत्त्याच्या दारात बसू असं येतं. तो 'छोटा गुत्ता' खरा आहे, १९९७ पासूनचा, चेंगदूच्या सगळ्या रॉक बँडांचं माहेरघर. मी २०१८ ला गेलो तर दारात फोटोसाठी रांग. आत जाऊन गाणं ऐकायला कुणी नाही, सगळे दारात बसून फोटो काढतायत. वाईट म्हणू की चांगलं कळत नाही, मालकीणबाईंचा धंदा चालत असेल तर बरंच आहे, पण ज्या पोरांनी तिथे पहिल्यांदा गिटार वाजवली त्यांना आता टेबल मिळत नसणार.

---

परळचा_पोरगा

म्हणजे गाण्याने गल्ली वाचली तरी ती गल्ली राहत नाही. आणि नानजिंगचा तो ली झि, त्याचं रहे रस्त्यावरचं गाणं मी ऐकायचो, वर्षानुवर्षं चालू असलेलं न्हाव्याचं दुकान वगैरे. २०१९ पासून त्याची गाणीच तिकडच्या अॅपवरून काढून टाकलीयत. एकीकडे रांग, एकीकडे गाणंच नाही.

---

बल्कड्रगवाला

यावरून शिजियाझुआंगचं सांगतोच. २०२३ मध्ये तिथल्या शहर प्रशासनाने ठरवलं की आपलं शहर 'रॉकचं माहेर' म्हणून प्रसिद्ध करायचं, उन्हाळाभर बागांत, मॉलमध्ये फुकट कार्यक्रम. आणि त्या गाण्याचे शब्द बदलून एक नवी आवृत्ती निघाली, 'न मरणारे शिजियाझुआंगवाले'. चाल तीच, पण सगळं उमेदीचं. तिकडच्या नेटवर लोक खवळले. मला सहकाऱ्याने लिंक पाठवली, सोबत एक शब्द लिहिला नव्हता.

मला स्वतःला ते लागलं. शहराला स्वतःबद्दल चांगलं बोलावंसं वाटणं चूक नाही, पण ज्या तीस वर्षांचं ते गाणं आहे ती तीस वर्षं काढून टाकली तर चाल कुणाची उरते? लाओशींनी पठारावरच्या धुनेचं लिहिलंय ना वर, मला तेच आठवलं.

---

अनघा७

तुमच्या सहकाऱ्याच्या वडिलांनी ते मूळ गाणं ऐकलंय का हो? त्यांना काय वाटलं?

---

बल्कड्रगवाला

ऐकलंय. २०१९ च्या माझ्या शेवटच्या फेरीत त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो, कारखान्याच्याच जुन्या वसाहतीत, चौथा मजला, लिफ्ट नाही. काकांना आता कमी ऐकू येतं. पोराने मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. पूर्ण ऐकलं. काकू आतून विचारत होत्या काय लावलंय.

ते पहिलं काय म्हणाले तर सहा नाही, आमची पाळी साडेपाचला सुटायची. सहाला मी घरी असायचो. मग म्हणाले पेज बरोबर आहे. बाकी त्या खोट्या नोटेचं, बंदुकीचं त्यांना काही कळलं नाही, पोराने समजावलं तर हात झटकला. थोड्या वेळाने त्यांनीच मोबाईल हातात घेतला आणि त्याला म्हणाले, ते शेवटचं ट्रम्पेट आहे ना, तेवढं परत लाव.

---